रेझिनची टाकी घेण्याआधी पाणी ओळखा

साखर कारखाना आणि आसवनीच्या शेजारी ज्यांचे शिवार आहे, त्या शेतकरी बंधूंना मळीच्या पाण्याची ओळख नव्याने करून द्यायला नको. विहिरीच्या पाण्याला कोऱ्या चहासारखा रंग चढतो. उपसा सुरू केला की आंबूस वास येतो. डाळ शिजता शिजत नाही. जलसुरक्षक सांगतो, "टीसीएल टाकलं, तरी ओटी टेस्टला पिवळा रंग येत नाही."

अशा वेळी गावात कोणीतरी टाक्यांचे रंगीत चित्र घेऊन येतो. "यात रेझिन आहे, पाण्यातलं आम्ल, रंग, क्षार सगळं धरतं," असे सांगतो. लोक चिडलेले असतात, सरपंचावर दबाव असतो, वित्त आयोगाचा निधी खर्ची टाकायचा असतो. ठराव व्हायला वेळ लागत नाही. ठरावावर सही करण्याआधी सरपंच, ग्रामसेवक भाऊसाहेब आणि पाणीपुरवठा समितीच्या मंडळींनी पुढचा मजकूर शांतपणे वाचावा, एवढ्यासाठी हा लेख.

रेझिन ही फसवी वस्तू नव्हे. योग्य जागी ती उत्तम काम करते. मात्र ती घाण नाहीशी करत नाही, फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी नेते. ही दुसरी जागा कोणती, हे आधी ठरले पाहिजे.

मातीचेच तत्त्व

रेझिन म्हणजे मोहरीपेक्षाही बारीक मणी. रंगाने पिवळसर किंवा तपकिरी. प्लास्टिकच्याच जातीचे. त्यांचे काम गाळण्याचे नाही, अदलाबदलीचे आहे. आणि ही अदलाबदल शेतकऱ्याला ठाऊक आहे. चोपण जमिनीत आपण जिप्सम टाकतो, तेव्हा काय होते? मातीच्या कणाला सोडियम चिकटून बसलेला असतो. जिप्सममधला कॅल्शियम त्याला उठवतो आणि त्याची जागा घेतो. सुटलेला सोडियम पाण्याबरोबर चरातून निघून जातो. यालाच शास्त्रज्ञ आयन विनिमय म्हणतात.

हा शोध लागला तोही मातीतूनच. इंग्लंडातील यॉर्कशायरचे जमीनदार एच. एस. थॉम्सन यांनी अमोनियम सल्फेटचे पाणी मातीतून झिरपवून पाहिले. खालून अमोनिया न येता जिप्सम बाहेर आले. तिथल्या रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जे. थॉमस वे यांनी त्यामागचे कारण शोधले. १८५० साली ही माहिती प्रसिद्ध झाली. माणसाने बनवलेले रेझिन त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले. १९३५ साली अॅडम्स आणि होम्स या इंग्रज शास्त्रज्ञांनी ते तयार केले.

रेझिन दोन जातींचे असते. एक जात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांच्यासारखे धन भाराचे कण धरते. पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरमध्ये हीच जात असते. दुसरी जात ऋण भाराचे कण धरते. आम्लाचा जो भाग आपल्याला पाण्यातून काढायचा असतो, तो ऋण भाराचा. म्हणून सॉफ्टनर बसवून पाण्यातले सेंद्रिय आम्ल निघत नाही. डाळ शिजू लागेल, साबणाला फेस येईल, पण आम्ल तसेच राहील. विक्रेता नुसते 'रेझिन' म्हणत असेल, तर कोणत्या जातीचे हे विचारून घ्या आणि दरपत्रकावर लिहून घ्या.

मळीच्या पाण्यात असते काय?

मळीपासून एक लिटर अल्कोहोल बनवताना साधारण ८ ते १५ लिटर सांडपाणी निघते. त्यालाच स्पेंट वॉश म्हणतात. तो कढत असतो, गडद तपकिरी असतो आणि आंबट असतो. पीएच ४ च्या आसपास. त्याचा सीओडी, म्हणजे त्यातली घाण जिरवायला लागणारा प्राणवायू, लिटरला एक लाख मिलिग्रॅमच्या घरात जातो. त्यात व्हिनेगरमधले अॅसेटिक आम्ल असते, दह्यातले लॅक्टिक आम्ल असते आणि रंग देणारे मोठे, चिवट रेणूही असतात. शिवाय पोटॅश, क्लोराइड आणि सल्फेट असतेच.

आता हे पाणी कच्च्या खड्ड्यातून किंवा ओढ्यातून झिरपत तुमच्या विहिरीत आले असे समजा. वाटेत दोन गोष्टी घडतात. जमिनीतले जिवाणू साध्या आम्लांचा बराच भाग खाऊन टाकतात. उरलेल्या आम्लाला आपल्या काळ्या जमिनीतली चुनखडी भेटते. आम्ल आणि चुना यांची गाठ पडली की आम्लाचे मीठ तयार होते आणि कॅल्शियम पाण्यात उतरतो. पाणी आंबट लागायचे थांबते, पण जड होते. डाळ न शिजण्याचे एक कारण हेच.

म्हणून विहिरीच्या पाण्याचा पीएच ७ आला की "आता काही दोष नाही" असे समजू नका. पीएच ७ ला अॅसेटिक आम्ल जवळजवळ सगळेच मिठाच्या रूपात गेलेले असते. ते दिसत नाही, चवीला कळत नाही, पण पाण्यात असते.

रेझिन निवडताना हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. आम्ल पकडायला जे सौम्य जातीचे रेझिन स्वस्तात चालते, ते आम्ल आंबट रूपात असेल तरच काम करते. आम्लाचे मीठ झाले की ते रेझिन त्याला हात लावत नाही. मग तीव्र जातीचे रेझिन लागते. तेही येईल त्याला जागा देते असे नाही. आधी सल्फेटला, मग नायट्रेटला, मग क्लोराइडला आणि सर्वांत शेवटी अॅसेटिकसारख्या बारक्या आम्लांना. एसटीत मागून चढलेल्या दांडग्यांनी बसलेल्याला उठवावे, तसा प्रकार होतो. आपल्या विहिरीत सल्फेट आणि क्लोराइड भरपूर असेल, तर रेझिनवर बसलेले आम्ल काही वेळाने उठवले जाते. टाकी वेळेवर धुतली नाही, तर बाहेर पडणाऱ्या पाण्यात आत येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त आम्ल सापडू शकते. टाकी चालू आहे, मोटार चालू आहे, लोक विश्वासाने पाणी भरताहेत आणि पाणी मात्र आणखी बिघडलेले, असे घडू शकते.

हिशेब मांडून बघा

एक लिटर सौम्य रेझिन व्यवहारात साधारण ६० ग्रॅम अॅसेटिक आम्ल धरते असे समजू. अनुकूल पाण्यात हा आकडा धरायला हरकत नाही. पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅम आम्ल असेल, तर एक लिटर रेझिन ६०० लिटर पाणी साफ करून थकेल. थकले की ते कॉस्टिक सोड्याने धुवायचे, म्हणजे पुन्हा कामाला लागते.

तुमच्या गावाची वस्ती २००० आहे. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी ५५ लिटर धरले, तर रोजचे पाणी १ लाख १० हजार लिटर. त्यातले आम्ल ११ किलो. ते धरायला रोज सुमारे १८५ लिटर रेझिन थकणार आणि धुवायला कमीत कमी सव्वासात किलो कॉस्टिक सोडा लागणार. प्रत्यक्षात त्याहून जास्तच. रोज, सणासुदीलासुद्धा. हे काम कोण करणार? कॉस्टिक सोड्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला हातमोजे, चष्मा आणि शिक्षण दिल्याशिवाय हे काम सांगू नये.

आता तोच हिशेब फक्त पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्यासाठी मांडा. माणशी ५ लिटर धरले, तर १० हजार लिटर पाणी, एक किलो आम्ल, १७ लिटर रेझिन आणि हिशेबाने पाऊण किलोच्या आत कॉस्टिक. हे आवाक्यातले आहे. म्हणजे गावभरच्या नळाला रेझिन लावण्यापेक्षा पिण्याच्या पाण्याचा वेगळा नळ काढणे शहाणपणाचे.

आणि तिसरा हिशेब कारखान्याचा. "कारखान्यालाच रेझिन लावायला सांगा" असे काहीजण म्हणतात. रोज ३० हजार लिटर अल्कोहोल काढणाऱ्या आसवनीत लिटरला दहा लिटर या दराने ३ लाख लिटर स्पेंट वॉश निघतो. त्यात लिटरला ५ ग्रॅम आम्ल धरले, तर एक लिटर रेझिन अवघ्या १२ लिटरला थकते. रोज २५ हजार लिटर रेझिन धुवावे लागेल. हे कोणालाच परवडणारे नाही. शिवाय तो चिवट तपकिरी रंग मण्यांच्या आत रुतून बसतो आणि रेझिन कायमचे निकामी करतो.

दाट घाणीसाठी आपला गोबरगॅसचाच मार्ग बरा. बंद टाकीतले जिवाणू अॅसेटिक आम्लाचा मिथेन वायू करतात. आसवन्यांमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर होते आणि तो वायू बॉयलरला जळणासाठी वापरता येतो. त्यानंतर उरलेले पाणी आटवून जाळतात किंवा प्रेसमडवर मारून खत करतात. आम्ल तिथे खरोखर नाहीसे होते. २००३ साली केंद्र सरकारच्या पुढाकाराने उद्योगांसाठी जी पर्यावरण सनद झाली, तिच्यात डिसेंबर २००५ पर्यंत स्पेंट वॉशची शंभर टक्के विल्हेवाट लावण्याचे आसवन्यांनी कबूल केलेले आहे. तेव्हा विहिरीत मळीचे पाणी दिसले, तर कुठेतरी खड्डा गळतो आहे किंवा रात्री वाल सुटतो आहे. तो शोधणे हा पहिला उपाय. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असे व्हायला नको.

धुवणाचे पाणी कुठे सोडणार?

विक्रेता जे सहसा सांगत नाही ते हे. रेझिन धुतल्यावर जे पाणी निघते, त्यात विहिरीतून काढलेले सगळे आम्ल असते आणि वर कॉस्टिकचा सोडियम असतो. तीव्र जातीचे रेझिन मिठाच्या पाण्याने धुतात. तिथे तर सोडियम आणखी जास्त. हे धुवण टाकीमागच्या शेतात सोडले, तर दोन-चार हंगामांत त्या शेताचे चोपण झाल्याशिवाय राहणार नाही. ज्या सोडियमला हाकलायला आपण जिप्सम विकत आणतो, तोच सोडियम आपणच विकत आणून मातीला पाजायचा! ओढ्यात सोडले, तर खालच्या गावाच्या विहिरीत जाते. आपली तक्रार कारखान्याविरुद्ध आणि खालच्या गावाची आपल्याविरुद्ध.

अमोनियाने धुतल्यास सोडियमचा प्रश्न येत नाही. परंतु अमोनिया हाताळणे हे गावपातळीवरचे काम नव्हे. म्हणून धुवणासाठी पक्की, अस्तर लावलेली टाकी हवी आणि ते नियमित उचलून कोण नेणार याचा लेखी करार हवा. तो नसेल तर योजना अपुरी आहे असे समजा.

मग रेझिन चालते कुठे?

पाणी एरवी चांगले आहे, क्षार कमी आहेत आणि नुसती कुजलेल्या पालापाचोळ्याची आम्ले थोड्या प्रमाणात आहेत, अशा ठिकाणी रेझिन नामी काम करते. ही आम्ले तीव्र जातीच्या रेझिनला चांगली चिकटतात. त्यांचा त्रास वेगळाच आहे. टीसीएलमधला क्लोरीन ती खाऊन टाकतात. ओटी टेस्ट न येण्याचे हे एक कारण असते. शिवाय क्लोरीनशी संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखे घातक पदार्थ बनतात. ही गोष्ट हॉलंडमधील रूक या शास्त्रज्ञाने १९७४ साली उघडकीस आणली. ऑस्ट्रेलियात यावर लोहचुंबकी गुणाचे बारीक रेझिन तयार झाले. ते पाण्यात ढवळतात, मणी एकमेकांना चिकटून लवकर तळाशी बसतात, मग ते मिठाच्या पाण्याने धुऊन परत वापरतात. माउंट प्लेझंट या गावी आणि पर्थजवळ वॅनरू येथे २००१ साली अशी केंद्रे सुरू झाली. पण तिथेसुद्धा धुवणाच्या खाऱ्या पाण्याची व्यवस्था आधी करावी लागते.

उशीर झाला तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे गाव आहे. तिथे रंगधंद्याला लागणारे 'एच आम्ल' हे सेंद्रिय आम्ल बनवत. त्याचे उत्पादन १९८९ साली बंद झाले. पण तोवर गाळ आणि सांडपाणी जमिनीत मुरून विहिरींचे पाणी काळपट झाले होते. ते माणसांना, जनावरांना आणि पिकांनाही चालेना. नागपूरच्या नीरी संस्थेने पाहणी केली. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ज्याने घाण केली त्यानेच ती निस्तरण्याचा खर्च द्यावा. ती रक्कम ३७ कोटी ३८ लाखांच्या वर होती. तरी प्रकरण रेंगाळले आणि २०११ साली न्यायालयाला चक्रवाढ व्याजासह पुन्हा तोच हुकूम द्यावा लागला. काही महिने चाललेल्या कारखान्यापायी गावाची वीस वर्षे गेली. अशी आम्ले धरायची तर कारखान्याच्या नळाशी. एकदा खडकात मुरली, की कोणतीही टाकी पुरी पडत नाही.

ग्रामसभेत हे विचारा

आधी पाणी तपासा. विहिरीचा पंप दहा मिनिटे चालवून मग नमुना घ्या. एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा पावसाळ्यानंतर. बाटलीवर विहीर, तारीख आणि वेळ लिहा. प्रयोगशाळेला पीएच, एकूण क्षार, कठीणपणा, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट आणि सीओडी एवढे तरी मागा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात पीएच ६.५ ते ८.५, एकूण क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत, नायट्रेट ४५ पर्यंत असे आकडे आहेत. आपला कागद त्याशेजारी ठेवून वाचा.

मग विक्रेत्याला विचारा. रेझिन कोणत्या जातीचे? आमच्याच विहिरीच्या पाण्यावर चाचणी करून दाखवाल का? किती लिटरनंतर धुवायचे आणि ते कशावरून कळणार? धुवायला काय लागते, महिन्याला किती लागते? धुवण कुठे जाणार? हजार लिटरला खर्च किती, आणि रेझिन निकामी झाल्यावर नवीन कोण भरणार? या प्रश्नांची लेखी उत्तरे देणाऱ्याशीच पुढचे बोलणे करा. हेच प्रश्न आरओ विकणाऱ्यालाही लागू आहेत. कारण आरओचेही खारे पाणी मागे उरतेच.

तिसरे काम कागदाचे. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात भूगर्भातले पाणीही येते आणि कलम २४ प्रमाणे ओढ्यात, विहिरीत किंवा जमिनीवर दूषित द्रव्य सोडायला मनाई आहे. मात्र आपण बाटलीत भरून नेलेला नमुना खटल्यात पुरावा म्हणून चालत नाही. कलम २१ च्या रीतीने प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने घेतलेला नमुना लागतो. तेव्हा आपला तपासणी अहवाल जोडून मंडळाकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि अधिकारी येतील तेव्हा ग्रामपंचायतीचा माणूस हजर ठेवा.

गळती थांबली, पावसाने विहीर एक-दोनदा धुऊन निघाली, तर पुष्कळ ठिकाणी जमीन आणि जिवाणू उरलेले काम आपणहून करतात. तोवर पिण्यासाठी वेगळी विहीर किंवा टँकर, आणि गरज पडलीच तर एक छोटे, नीट सांभाळलेले रेझिन. गळती चालू ठेवून टाकी बसवणे म्हणजे फुटक्या बांधाखाली घमेले लावणे. तेव्हा भाऊसाहेबांनी ठरावाची वही उघडण्याआधी विहिरीच्या तपासणीचा कागद टेबलावर आलेला असू द्या.